सुरांचा सलोखा : लिथुएनियाची लोकगीते आणि त्यांतून उमललेले कक्षसंगीत

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेला लिथुएनिया हा देश लोकसंख्येने आपल्या मुंबई शहराच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान आहे. २०२१ साली तेथे झालेल्या जनगणनेनुसार दर चार नागरिकांपैकी सुमारे तीन कॅथलिक आहेत. आमच्या वाचकांपैकी काहींना हा देश क्रुसांच्या टेकडीमुळे ठाऊक असेल, तर काहींना ४ मार्च रोजी येणाऱ्या संत कॅसिमीर यांच्या सणामुळे. सप्टेंबर १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या टेकडीवर मिस्सा अर्पण केली, ही गोष्टही काहींच्या स्मरणात असेल. या देशाने श्रद्धेसाठी सोसलेल्या छळाविषयी आपल्याकडे थोडेफार लिहिले, बोलले गेले आहे. त्याच्या गाण्याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. वास्तविक या दोन्ही इतिहासांचे धागे एकमेकांत असे गुंतले आहेत की एक सोडून दुसरा नीट उमगत नाही. म्हणून या लेखात लिथुएनियाची जुनी लोकगीते आणि त्यांतून गेल्या शतकात घडलेले कक्षसंगीत यांचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कक्षसंगीत म्हणजे काय ते सांगावयास हवे. युरोपात ज्याला 'चेंबर म्युझिक' म्हणतात ते मुळात मोठ्या सभागृहासाठी नव्हते. घरातील वा वाड्यातील एखाद्या दालनात मोजक्या वादकांनी एकत्र बसून वाजवावयाचे हे संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चौकडी हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. येथे हातवारे करून ताल देणारा संचालक नसतो. प्रत्येक वाद्याचा एकच वादक असतो आणि प्रत्येकाला इतर तिघांकडे कान देऊनच वाजवावे लागते. शेतात राबणाऱ्या निरक्षर स्त्रियांचे गाणे आणि हे दालनातील संगीत यांची गाठ पडेल असे कोणालाही वाटले नसते. ती पडली, आणि ती पडण्यास खेड्यातील काही धर्मगुरूंच्या वह्या बऱ्याच अंशी कारणीभूत झाल्या.

धर्मगुरूंच्या वह्या

एकोणिसाव्या शतकात लिथुएनिया रशियन साम्राज्याच्या ताब्यात होता. १८६३ चा उठाव चिरडून टाकल्यावर सरकारने लिथुएनियन भाषेतील पुस्तके रोमन लिपीत छापण्यास बंदी घातली. ही बंदी १९०४ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे टिकली. रशियन लिपीत छापलेली प्रार्थनापुस्तके सरकारने पुढे केली, पण लोकांनी ती हाती घेतली नाहीत. महागुरू मोतिएयुस वालान्च्युस यांनी सीमेपलीकडे प्रशियात पुस्तके छापून ती गुप्तपणे देशात आणविण्याची व्यवस्था केली. पाठीवर पुस्तकांचे गाठोडे घेऊन रात्री सीमा ओलांडणाऱ्या या माणसांना लिथुएनियाच्या इतिहासात 'पुस्तकवाहक' असे नाव आहे. त्यांतील कित्येकांना तुरुंगवास आणि हद्दपारी भोगावी लागली.

छापील अक्षरावर असा पहारा बसला असता अंतानास युश्का (१८१९–१८८०) नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू आपल्या धर्मग्रामातील लोकांची गाणी लिहून घेत होते. उठावानंतर त्यांना स्वतःलाही तुरुंगवास घडला होता. नेमुनास नदीकाठच्या वेल्युओना या गावी नेमणूक असताना त्यांनी पेरणीची, कापणीची, लग्नाची, विरहाची गाणी शेतकरी स्त्रियांच्या तोंडून ऐकून शब्दाबरहुकूम उतरविली. त्यांच्या संग्रहात सुमारे सात हजार गीते जमली आणि त्यांतील बऱ्याच गीतांच्या चालीही त्यांनी टिपून ठेविल्या. आयुष्याच्या अखेरीस ते रशियातील काझान या शहरी आपले भाषापंडित बंधू योनास यांच्याकडे गेले. तेथे १८८० ते १८८२ या काळात त्यांच्या गीतांचे तीन खंड निघाले. विद्वानांसाठी काढलेले ग्रंथ म्हणून ते बंदीतून सुटले. पहिला खंड निघाला त्याच वर्षी युश्का देवाघरी गेले.

त्यांनी टिपलेल्या चालींचा ग्रंथ बराच उशिरा, १९०० साली, पोलंडमधील क्राकुफ शहरी प्रसिद्ध झाला. एका खेड्यातील धर्मगुरूचा तो संग्रह अभ्यासकांच्या कपाटात धूळ खात पडून राहावयाचा. पण त्याचे नशीब वेगळे होते. रशियन संगीतकार ईगोर स्ट्राविन्स्की यांच्या हाती तो पडला. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये त्यांच्या 'वसंतविधी' या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षकांत एवढा गोंधळ माजला की त्याची कथा संगीताच्या प्रत्येक इतिहासग्रंथात सांगितली जाते. त्या रचनेच्या आरंभी बसून नावाच्या सुषिरवाद्यावर, त्याच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा फार वरच्या सुरांत, एक एकाकी चाल ऐकू येते. ती चाल युश्का यांच्या संग्रहातील एका लिथुएनियन लोकगीताची आहे. आपण एवढी एकच चाल तेथून घेतली असे स्ट्राविन्स्की सांगत असत. पुढे १९७९ साली लॉरेन्स मॉर्टन या अभ्यासकाने त्याच संग्रहातील आणखी काही चाली त्या रचनेत दाखवून दिल्या. विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या संगीतकृतीचा पहिला सूर असा एका धर्मगुरूच्या वहीतून आला, आणि त्या वहीत तो आला तो कोणा अनाम शेतकरी स्त्रीच्या कंठातून.

ऑर्गनवादकाचा मुलगा

ज्या मातीत ही गाणी उगवली तेथील संगीतकार त्या वेळी काय करीत होते? लिथुएनियाच्या आधुनिक संगीताचा आरंभ मिकालोयुस च्युर्ल्योनिस (१८७५–१९११) यांच्यापासून मानतात. ते चित्रकार म्हणूनही तितकेच थोर होते. त्यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, त्यामुळे मुलाच्या कानावर पहिले संस्कार झाले ते उपासनासंगीताचे. वॉर्सा आणि लाइप्झिग येथे त्यांचे शिक्षण झाले. लाइप्झिगच्या वास्तव्यात, १९०१–१९०२ च्या सुमारास, त्यांनी एक तंतुवाद्य-चौकडी रचली. लिथुएनियन संगीतकाराने रचलेल्या आरंभीच्या कक्षसंगीतात तिचे स्थान मोठे आहे.

च्युर्ल्योनिस यांच्या घरची बोली पोलिश होती. लिथुएनियन भाषा ते मोठेपणी शिकले आणि त्यात त्यांची पत्नी सोफिया हिचा वाटा मोठा होता. आपल्याच लोकांची भाषा अशी उशिरा हाती आलेल्या या माणसाने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत अनेक लोकगीते गायनवृंदासाठी आणि पियानोसाठी बसविली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९१८ साली देश स्वतंत्र झाल्यावर लाइप्झिगमध्येच शिकून आलेले युओझास ग्रुओदिस (१८८४–१९४८) यांनी काऊनास शहरी नव्या संगीतकारांची पिढी तयार केली. आपले संगीत लोकगीतातूनच वाढले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता.

मात्र या काळातील रीत अशी की गाव सोडून शहरात आलेल्या गाण्याला शहरी पोशाख चढवावयाचा. एकेरी चालीखाली जर्मन पद्धतीची गोड स्वरसंगती घालावयाची, ओबडधोबड जागा घासून गुळगुळीत करावयाच्या, आणि मग ते गाणे सभागृहात सादर करावयाचे. यात प्रेम होते आणि अभिमानही होता. परंतु लिथुएनियात गाण्याचा एक प्रकार असा होता की त्याला हा पोशाख कोणत्याच बाजूने बसेना. त्या प्रकाराची ओळख करून घेतल्यावाचून पुढची कथा समजणार नाही.

घंटांसारखे आपटणारे सूर

देशाच्या ईशान्य भागात, औक्श्ताइतिया या प्रांतात, स्त्रियांची काही गाणी 'सुतार्तिने' या नावाने ओळखली जातात. ज्या क्रियापदापासून हा शब्द झाला त्याचा अर्थ आहे एकमत होणे, सलोख्याने वागणे. दोघींनी गावयाची, तिघींनी गावयाची आणि चौघींनी जोड्या करून गावयाची असे तिचे प्रकार आहेत. तिघींच्या प्रकारात पहिली एक ओळ संपविते तेव्हा दुसरी ती सुरू करते, तिच्यामागून तिसरी येते. अशा रीतीने कोणत्याही क्षणी दोन आवाज एकत्र चालू असतात. एकीच्या तोंडी अर्थपूर्ण शब्द असतात, तर दुसरीच्या तोंडी पालुपदाचे नादमय बोल. चाल अगदी लहान, दोन ते पाच स्वरांत मावणारी असते.

आता यातील नवल पाहा. हे दोन आवाज एकमेकांपासून पुरेसे दूर राहून गोड संवाद साधीत नाहीत. ते शेजारशेजारच्या स्वरांवर उभे राहतात. ज्यांच्या घरी हार्मोनियम आहे त्यांनी पांढरी एक आणि तिच्या लगतची पांढरी दोन या पट्ट्या एकदम दाबून पाहाव्यात. जो थरथरता, टोचणारा नाद उमटेल तोच सुतार्तिनेचा प्राण आहे. दोन नादांच्या कंपनसंख्या एकमेकींच्या फार जवळ असल्या की त्यांच्या लाटा एकमेकींवर आदळतात आणि कानाला एक प्रकारचा ठोका जाणवतो. युरोपीय शास्त्राने या जोडीला विसंवादी ठरविले. जुन्या गायिका मात्र तिला मुळीच विसंवादी मानीत नसत. चांगल्या गायिकांचे आवाज एकमेकांवर घंटांसारखे आपटले पाहिजेत, असे त्या म्हणत. चर्चच्या मनोऱ्यात दोन घंटा एकाच वेळी वाजू लागल्या म्हणजे हवेत जो कंप भरून राहतो तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना या तुलनेचा अर्थ उमगेल. ज्या दोन आवाजांना शास्त्री भांडण म्हणत होते त्याला या स्त्रिया सलोखा म्हणत होत्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे गाणे मरणपंथाला लागले होते. तरुण मुलींना ते जुनाट वाटे आणि ते गाऊ शकणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून कमी होत होत्या. अशा वेळी पुन्हा एक धर्मगुरूच पुढे आले. आदोल्फास साबालियाउस्कास (१८७३–१९५०) यांनी औक्श्ताइतियातील वृद्ध गायिकांना गाठून त्यांची गीते उतरविली. आ. रॉ. निएमी या फिनलंडच्या अभ्यासकाबरोबर त्यांनी गीतांचे शब्द प्रसिद्ध केले, आणि चालींचा ग्रंथ १९१६ साली हेलसिंकी येथे छापून काढला. त्या वेळी युरोप पहिल्या महायुद्धात होरपळत होता. साबालियाउस्कास यांनी या गाण्यातील 'चुका' दुरुस्त केल्या नाहीत, जसे ऐकले तसे लिहिले. आमच्या मते त्यांची खरी थोरवी येथेच आहे. पुढे झेनोनास स्लाव्यूनास यांनी अशा अनेक संग्रहांतील सुतार्तिने एकत्र करून १९५८–१९५९ मध्ये तीन मोठे खंड काढले. ते खंड पुढच्या पिढीच्या संगीतकारांच्या मेजावर आले आणि तेथून आमच्या कथेला वेगळे वळण लागले.

सरकारी लोककला आणि खेड्यांची वाट

१९४० साली सोव्हिएत सैन्य लिथुएनियात आले आणि जून १९४१ मध्ये हजारो कुटुंबे सैबेरियाकडे हद्दपार झाली. मधली जर्मन राजवट संपून सोव्हिएत सत्ता परतल्यावर चर्चवर आघात सुरू झाले. विल्निउसचे कॅथीड्रल भाविकांकडून काढून घेण्यात आले आणि १९५६ साली तेथे चित्रसंग्रहालय उघडण्यात आले. ज्या ऑर्गनवर पूर्वी मिस्सेचे संगीत वाजे त्यावर आता जाहीर मैफली होऊ लागल्या.

लोकगीतांना या राजवटीचा विरोध नव्हता. उलट तिने त्यांचा मोठा गाजावाजा केला. एकसारख्या पोशाखातील भव्य वाद्यवृंद, सुधारून मोठी केलेली वाद्ये, शेकडो गायकांचे मेळे आणि गोडगुळगुळीत केलेली गाणी असा तो थाट होता. गाण्याचे शरीर नटवावयाचे आणि त्यातील आठवण तेवढी काढून टाकावयाची, असे त्याचे वर्णन केले तर अन्याय होणार नाही. १९६० नंतरच्या तरुणांना याचा कंटाळा आला. ते पायी खेड्यापाड्यांत फिरू लागले, आजीबाईंच्या चुलीपाशी बसून गाणी ऐकू लागले. १९६८ साली पोविलास माताइतिस यांनी एक पथक उभारले. त्याने गावातील गाणे गावातल्यासारखेच रंगमंचावर आणले.

याच सुमारास कक्षसंगीताची चोख साधनेही देशात तयार झाली होती. १९६० साली सौल्युस सोन्देत्स्किस यांनी लिथुएनियन चेंबर ऑर्केस्ट्रा स्थापिला. १९६५ मध्ये विल्निउस चौकडी आणि १९६८ मध्ये च्युर्ल्योनिस यांच्या नावाची चौकडी अस्तित्वात आली. म्हणजे एकीकडे स्लाव्यूनास यांचे खंड, दुसरीकडे खेड्यांतील जिवंत आवाज आणि तिसरीकडे उत्तम वादक, असा योग जुळून आला.

खरबरीत सूर जसाच्या तसा

युलियुस युझेल्यूनास (१९१६–२००१) यांनी सुतार्तिनेच्या स्वरजोड्यांचा बारकाईने अभ्यास करून १९७२ साली स्वरसमूहांच्या घडणीवर एक ग्रंथ लिहिला. जर्मन व्याकरणाच्या आधारे लोकगीत सजविण्याऐवजी लोकगीतातूनच नवे व्याकरण काढता येईल, हा त्यांचा विचार होता. फेलिक्सास बायोरास (जन्म १९३४) यांनी १९६८ साली कंठ आणि पियानो यांसाठी लोककथनांवर आधारलेली एक गीतमालिका रचली. तिच्यात गायिकेने शिकवून तयार केलेला गोल आवाज लावावा अशी अपेक्षा नाही. बोलणे, पुटपुटणे, हाक मारणे हे सारे तिच्यात गाणेच होते.

या पिढीतील सर्वांत प्रभावी नाव ब्रोनियुस कुताविच्युस (१९३२–२०२१) यांचे. त्यांनी लोकगीतांच्या चाली उसन्या घेणे जवळजवळ टाळले आणि लोकगीत ज्या रीतीने चालते ती रीत उचलली. लहानशी चाल पुनःपुन्हा फिरवावयाची, एका आवाजामागून दुसरा आवाज आणावयाचा, शेजारचे स्वर एकमेकांवर घासू द्यावयाचे, आणि या पुनरावृत्तीतून ऐकणाऱ्याला घड्याळाचा विसर पाडावयाचा. तंतुवाद्य-चौकडी आणि गिटार यांसाठी त्यांनी रचलेल्या १९७७ च्या कृतीचे नाव 'भूतकाळाची घड्याळे' असे आहे. १९८० च्या त्यांच्या दुसऱ्या चौकडीला त्यांनी लॅटिन नाव दिले, 'आन्नो कुम तेत्तिगोनिया', म्हणजे 'रातकिड्याच्या सोबतीचे वर्ष'. व्हायोलिनसारख्या नाजूक वाद्यांवर शेतातील कीटकांची किरकिर आणि ऋतूंचे फिरणे ऐकू यावे, अशी ही कल्पना.

१९८३ ची त्यांची 'योत्विंग्यांच्या शिळेवरून' ही रचना तर फारच वेगळी आहे. योत्विंगी ही लिथुएनियनांची सख्खी शेजारी जमात. तिची भाषा कायमची लोपली असून तिच्यातील मोजके शब्द तेवढे उरले आहेत. थोडेसे कलावंत दगड आणि साधी वाद्ये हाती घेतात. लिथुएनियात 'स्कुदुच्याइ' नावाच्या लहान नळ्या असतात; प्रत्येक नळीतून एकच सूर निघतो, म्हणून एक चाल पुरी करावयास अनेकांना एकत्र यावे लागते. या कृतीत आधी केवळ आघात आणि तुटक शब्द ऐकू येतात. हळूहळू त्यांतून आकार येत जातो आणि शेवटी एक खरे लोकगीत उमलते. मेलेल्या भाषेच्या उरल्यासुरल्या अक्षरांपासून जिवंत भाषेच्या गाण्यापर्यंतचा हा प्रवास ज्या देशाची स्वतःची भाषा धोक्यात होती त्या देशातील श्रोत्यांना काय सांगून गेला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

आम्हा कॅथलिकांपुढचा प्रश्न

या ठिकाणी एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. योत्विंगी जमात लोपली ती आपोआप नव्हे. तेराव्या शतकात क्रुसाचे चिन्ह अंगावर वागविणाऱ्या ट्यूटॉनिक सरदारांनी बाल्टिक प्रदेशावर स्वाऱ्या केल्या, आणि १२८३ पर्यंत योत्विंग्यांचा प्रदेश उजाड झाला. लिथुएनियाने त्या सरदारांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली आणि अखेर १३८७ साली राजा योगाइला याच्या काळात पोलंडच्या मार्गाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सामोगितिया या प्रांताचा बाप्तिस्मा तर १४१३ साली झाला. युरोपातील राष्ट्रांत हे राष्ट्र सर्वांत शेवटी ख्रिस्ती झाले.

कुताविच्युस यांची १९७८ ची 'अखेरचे मूर्तिपूजक विधी' ही कृती याच जखमेला हात लावते. कवी सिगितास गेदा यांचे शब्द, गायनवृंद, हॉर्न ही वाद्ये आणि ऑर्गन असा तिचा संच आहे. ती कक्षसंगीतात मोडत नाही, पण तिच्यावाचून ही कथा अपुरी राहील. गाणारे सुतार्तिनेच्या रीतीने एकच चाल फिरवीत जातात, सर्पाचे, टेकडीचे आणि ओकवृक्षाचे स्तवन करतात. शेवटी ऑर्गनवर ख्रिस्ती भक्तिगीताचे गंभीर सूर सुरू होतात आणि त्यांच्याखाली ते जुने गाणे हळूहळू बुडून जाते.

ही कृती ऐकताना ख्रिस्ती माणसाच्या मनात कालवाकालव व्हावी हे स्वाभाविक आहे. आपला ऑर्गन येथे गाणे बुडविणारा ठरला! परंतु सोव्हिएत काळातील श्रोत्यांनी त्यात आणखी एक अर्थ वाचला. एका लहान जनसमूहाची स्मृती बलाढ्य सत्तेच्या आवाजाखाली दाबली जाते, हे चित्र त्यांच्या रोजच्या जगण्याचे होते. ज्या वर्षी ही कृती जन्मली त्या वेळी कॅथीड्रल संग्रहालय झाले होते, आणि १९७२ पासून लिथुएनियातील कॅथलिक ख्रिस्तसभेचे वृत्तपत्र टंकलेखनयंत्रावर नकला काढून गुपचूप हातोहात फिरत होते. त्या काळात ऑर्गनच मुका केला गेला होता. म्हणून आम्ही या कृतीकडे ख्रिस्तविरोधी रचना म्हणून पाहत नाही. सुवार्ता तलवारीच्या धारेवर आली तर लोकांचे गाणे हरवते, आणि ती धर्मगुरू युश्का यांच्यासारख्यांच्या हातून आली तर तेच गाणे वहीत जपले जाते. इतिहासात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, आणि दोन्ही आपल्याच आहेत.

गाणाऱ्यांचे स्वातंत्र्य

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. १९८८ साली 'सायूदिस' ही चळवळ उभी राहिली. तिच्या आरंभीच्या गटात संगीतकार युझेल्यूनास होते. तिचे नेतृत्व वीतौतास लान्ड्सबेर्गिस यांच्याकडे गेले. ते राजकारणी नसून संगीताचे प्राध्यापक होते आणि च्युर्ल्योनिस यांच्या संगीताचा अभ्यास हे त्यांच्या आयुष्याचे काम होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये विल्निउसचे कॅथीड्रल पुन्हा पवित्र करण्यात आले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी विल्निउसपासून एस्टोनियातील टाल्लिनपर्यंत तीन देशांतील लाखो माणसांनी हातात हात गुंफून सहाशे किलोमीटरहून लांब साखळी केली. ११ मार्च १९९० रोजी लिथुएनियाने स्वातंत्र्य पुनःस्थापित केल्याची घोषणा केली. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी सोव्हिएत रणगाडे आले तेव्हा निःशस्त्र लोक गात आणि प्रार्थना करीत उभे होते. त्या हल्ल्यात १४ नागरिकांना प्राण गमवावे लागले. या साऱ्या घटनांना तेथे 'गाणारी क्रांती' म्हणतात, आणि ते नाव अलंकारिक नाही.

सुतार्तिनेचेही पुनरुज्जीवन झाले. १९८६ साली अभ्यासक दाइवा राच्यूनाइते-विचिनिएने यांच्या पुढाकाराने 'त्रिस केतुरिओसे' हा स्त्रियांचा गट स्थापन झाला. आज शहरांतील सुशिक्षित तरुणी आपल्या पणज्यांचे गाणे संग्रहांतून शिकून गातात. २०१० साली युनेस्कोने सुतार्तिनेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. १९२४ साली काऊनास येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय गीतोत्सवाने २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. नव्या रचनाकारांपैकी रितिस माझुलिस (जन्म १९६१) यांनी एकामागून एक येणाऱ्या आवाजांची जुनी रीत गणिताच्या कठोर शिस्तीने ताणून पाहिली आहे. त्यांचे संगीत ऐकताना शेत वा चूल आठवणार नाही, तरीही एकाच्या पावलावर दुसऱ्याने पाऊल टाकावयाचे हे तत्त्व औक्श्ताइतियातील तीन म्हाताऱ्यांचेच आहे.

आपल्या अंगणात

लिथुएनिया आपल्यापासून फार दूर आहे, पण अगदी परका नाही. भाषापंडितांनी लिथुएनियन आणि संस्कृत यांचे दूरचे नाते केव्हाच सिद्ध केले आहे. आपल्या 'अग्नी'ला ते 'उग्निस' म्हणतात, 'अवी' म्हणजे मेंढीला 'आविस' म्हणतात, आणि देवाला 'दिएवास' म्हणतात. तेथील स्त्रियांनी पहाटे दळताना गावयाची गाणी रचली, तशी आपल्या आयाबायांनी जात्यावर ओवी रचली. त्याच ओवीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. अलीकडच्या काळात पुण्यात राहून गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. साबालियाउस्कास यांच्याप्रमाणेच या दोघांनीही ओव्या ज्या स्त्रियांनी गायिल्या त्यांच्याच बोलीत उतरून घेतल्या.

आमच्या धर्मग्रामांत लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाखाली जी गाणी म्हटली जातात ती पूर्ण पाठ असलेल्या स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांचे सूर कधी एकमेकांना लागत नाहीत, शब्द जुन्या बोलीतले असतात, आणि नव्या पिढीला ते ऐकताना हसू येते. ध्वनिक्षेपकावर तयार गाणी लावणे सोपे जाते. लिथुएनियाच्या इतिहासाने आम्हाला शिकविले ते एवढेच की जे आज खरबरीत वाटते ते घासून काढण्याची घाई करू नये. तेथील विद्वानांना जो सूर विसंवादी वाटला तोच शंभर वर्षांनी त्या राष्ट्राच्या संगीताचा पाया ठरला, आणि तो ठरू शकला कारण एका धर्मगुरूने तो न सुधारता लिहून ठेविला होता.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गाणी येणारी आजी, मावशी वा काकी असेल त्यांनी एखाद्या रविवारी मिस्सेनंतर तिच्यापाशी वही घेऊन बसावे. तिचे नाव, गाव आणि तिला ते गाणे कोणाकडून मिळाले ते लिहावे. तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण करावे. शब्द चुकला असे वाटले तरी तिने म्हटला तसाच तो उतरावा. त्या वहीचे पुढे काय होईल हे आज कोणी सांगू शकत नाही. वेल्युओनाच्या धर्मगुरूलाही ते ठाऊक नव्हते.